धान्य महिन्याचे, चूल आठवड्याची

प्रति,
मा. नियंत्रक, शिधावाटप व संचालक, नागरी पुरवठा, मुंबई

विषय: ठाणे व कल्याण-डोंबिवलीतील अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांचा आठवड्याचा स्वयंपाक आणि शिधावाटपाची रचना

महोदय / महोदया,

महाराष्ट्राच्या बहुतेक जिल्ह्यांत रास्त भाव धान्य दुकानांचा कारभार जिल्हा पुरवठा अधिकाऱ्यांमार्फत चालतो. मुंबई आणि तिला लागून असलेल्या ठाणे, कल्याण, डोंबिवली या नागरी पट्ट्यात मात्र ही जबाबदारी आपल्या कार्यालयाकडे आहे आणि ठाण्याचे ‘फ’ परिमंडळ हा त्याच रचनेचा भाग आहे. त्यामुळे दिवा, कळवा, वागळे इस्टेट, नेतिवली किंवा आंबिवली येथील एखाद्या घरात आठवड्याच्या शेवटच्या दोन दिवसांत काय शिजते, हा प्रश्न वरवर खासगी वाटला तरी तो आपल्या कार्यालयाच्या कामाशी थेट जोडलेला आहे. या पत्राचे म्हणणे थोडक्यात असे आहे की शिधावाटप धान्य मोजते आणि ते माणशी, दरमहा मोजते. स्वयंपाकघर मात्र जेवण मोजते आणि ते आठवड्याने मोजते. या दोन मापांमध्ये जे अंतर पडते ते आज घरातील बाईच्या श्रमाने भरून निघते, आणि ते श्रम कोणत्याही हिशेबात धरले जात नसल्यामुळे मुळात अंतरच नाही, असा समज रूढ झाला आहे.

धान्य मोजून देण्याची ही पद्धत जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, मे 1943 मध्ये, मुंबई शहरात रेशनिंग सुरू झाले तेव्हा टंचाईत प्रत्येकाला निदान पोटापुरते धान्य मिळावे एवढाच त्याचा हेतू होता, आणि त्या हेतूला माणशी वजनाचे माप पुरेसे होते. पुढे गरिबी मोजण्याची शास्त्रीय पद्धतही अन्नाच्याच आधाराने घडली. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी 1971 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रोज माणशी 2,250 उष्मांक, म्हणजे अन्नातून शरीराला मिळणाऱ्या ऊर्जेची एकके, हा पाया धरला आणि तेवढे अन्न परवडण्यासाठी 1960-61 च्या किमतींनुसार शहरात माणशी दरमहा साडेबावीस रुपये खर्चाची रेषा सुचवली. त्या अभ्यासाचे मोल मोठे आहे, कारण त्याने गरिबीला भाकरीच्या भाषेत मांडले. तरीही उष्मांकांचे असे कोणतेही गणित धान्य घरात येण्यापाशी थांबते, आणि धान्याचे जेवण होईपर्यंत जे इंधन, जे कालवण आणि जो वेळ लागतो त्याची मोजणी त्यात येत नाही. शिधावाटपाने हाच थांबा पुढे चालवला आहे.

राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, 2013 नुसार प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीला दरमहा 5 किलो धान्य मिळते, तर अंत्योदय गटातील कुटुंबाला, म्हणजे गरिबांतही अतिगरीब ठरवलेल्या कुटुंबाला, एकत्रित 35 किलो मिळते. जानेवारी 2023 पासून हे धान्य विनामूल्य आहे. ही मदत लहान नाही आणि या पत्रात ती कमी लेखण्याचा हेतूही नाही. मात्र 5 किलोंना तीस दिवसांनी भागले की रोज माणशी सुमारे 165 ग्रॅम धान्य हाती येते आणि त्यातून साधारण 580 उष्मांक मिळतात; शहरी माणसासाठी नियोजन आयोगाने पुढे जे 2,100 उष्मांकांचे प्रमाण धरले होते, त्याचा हा चौथ्या हिश्शाहून थोडा अधिक भाग झाला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने सुचवलेल्या 2,000 उष्मांकांच्या आहारात रोज 250 ग्रॅम धान्य, 85 ग्रॅम डाळी-कडधान्ये आणि 400 ग्रॅम भाज्या धरल्या आहेत. हेच प्रमाण पाच जणांच्या घराला सात दिवसांसाठी लावले तर पावणेनऊ किलो धान्य, जवळपास 3 किलो डाळी-कडधान्ये आणि 14 किलो भाज्या लागतात. घरातील मुले लहान असतील तर आकडे काहीसे खाली येतील, पण चित्र बदलणार नाही: धान्यापैकी सुमारे दोन तृतीयांश शिधापत्रिकेवर मिळते, तर डाळ आणि भाजी या दोन्ही रकान्यांत नियमित मिळणाऱ्या शिध्याचा आकडा शून्य आहे.

आता उत्पन्नाची बाजू पाहू जाता, प्राधान्य कुटुंब ठरवण्यासाठी राज्याने शहरी भागाकरिता 59,000 रुपये ही वार्षिक कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा घातली. वर्षाच्या रकमेला 52 आठवड्यांनी भागले तर आठवड्याला सुमारे 1,135 रुपये होतात, आणि त्या मर्यादेचा खरा अर्थ येथेच उलगडतो. ज्या कुटुंबाकडे आठवड्याला याहून अधिक पैसे येतात ते कागदोपत्री या लाभाच्या पलीकडे जाते. ज्याच्याकडे एवढेच येतात त्याने वर काढलेली 3 किलो डाळ शंभर रुपये किलोच्या भावाने आणली, आणि तूरडाळ त्याहून महाग मिळण्याची सवय ग्राहकाला आता झालेली आहे, तर केवळ डाळीवर आठवड्याच्या मिळकतीचा चौथा हिस्सा खर्ची पडतो. त्यानंतर खोलीचे भाडे, वीज, गॅस, लोकलचा पास, मुलांच्या वह्या आणि औषध यांची पाळी येते. जर्मन संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेल यांनी 1857 मध्ये मांडलेला नियम असा की उत्पन्न जितके कमी तितका त्यातील अन्नावरचा हिस्सा मोठा. 2022-23 च्या कौटुंबिक उपभोग खर्च सर्वेक्षणात शहरी भारताचा हा हिस्सा सरासरी 39 टक्के निघाला. सरासरीच्या खाली असलेल्या घरांत तो हिस्सा वाढायला हवा, पण भाडे आणि पास यांची रक्कम ठरलेली असल्यामुळे वाढीला जागाच उरत नाही, आणि मग कात्री लागते ती भाजीला, दुधाला आणि डाळीला.

जेवणाची किंमत काय, याचे एक उत्तर शासनाने स्वतःच दिलेले आहे. 26 जानेवारी 2020 रोजी सुरू झालेल्या शिवभोजन योजनेत प्रत्येकी 30 ग्रॅमच्या दोन चपात्या, 100 ग्रॅम भाजी, 100 ग्रॅम वरण आणि 150 ग्रॅम भात अशी थाळी ठरली, ग्राहकाने तिच्यासाठी 10 रुपये द्यायचे ठरले आणि शहरी भागात त्या थाळीची एकूण किंमत 50 रुपये धरण्यात आली. पाच माणसांची दोन वेळची जेवणे सात दिवस मोजली तर 70 थाळ्या होतात आणि याच दराने त्यांची किंमत 3,500 रुपये येते. या दरात केंद्रचालकाचे भाडे, इंधन आणि स्वयंपाक्याची मजुरी धरलेली आहे, त्यामुळे तो घरच्या जेवणाला जसाच्या तसा लावता येणार नाही, असा आक्षेप कोणी घेईल आणि तो योग्यच असेल. परंतु हा आक्षेपच मूळ मुद्द्यावर आणून सोडतो: थाळी केंद्रावर शिजली तर मजुरीला किंमत असते आणि घरी शिजली तर ती शून्य धरली जाते, आणि 3,500 रुपयांचे जेवण 1,135 रुपयांतही होते असे जे भासते ते बऱ्याच अंशी या शून्यामुळे.

ते शून्य प्रत्यक्षात कसे दिसते हे समजण्यासाठी या पट्ट्यातील काटकसरीचा स्वयंपाक बारकाईने पाहावा लागतो. त्याची सुरुवात शिध्याच्या तांदळापासून होते. जुना तांदूळ मोकळा शिजतो आणि भांड्यात चांगला फुगतो, तर नवा तांदूळ चिकट होतो. दुकानातून कधी कोणता येईल याचा नेम नसल्यामुळे प्रत्येक वेळी पहिला भात हा एक प्रयोगच असतो. गिचका होणारा जाड तांदूळ भातासाठी न वापरता दळून आणला की त्याच्या पिठाची उकड काढून, म्हणजे उकळत्या पाण्यात पीठ शिजवून मळून, भाकरी होते. आगरी-कोळी घरांत ही भाकरी रोजची आहे आणि भातापेक्षा ती जास्त वेळ आधार देते, असे तेथे मानले जाते. त्याच तांदळाची पेज, घावन किंवा उडदाची थोडी डाळ घालून आंबोळी होते. गव्हाचेही तसेच: पोळी करणे परवडत नाही अशा दिवशी, म्हणजे पीठ आहे पण सोबतची भाजी नाही अशा दिवशी, पोळीच्या कणकेचे तुकडे फोडणीच्या वरणात सोडून वरणफळे केली जातात, ज्यांना काही भागांत चकोल्या म्हणतात. एका पातेल्यात, एका आचेवर, धान्य आणि डाळ एकत्र शिजते आणि वेगळी भाजी लागत नाही, ही त्या पदार्थाची खुबी.

मराठीत भाकरीबरोबर खाण्याच्या पातळ किंवा कोरड्या पदार्थाला कोरड्यास म्हणतात आणि तेच कालवण किंवा तोंडीलावणे म्हणूनही ओळखले जाते. धान्याने पोट भरते, पण जेवण होते ते कोरड्यासाने, आणि त्यामागे केवळ चवीचे कारण नाही. तांदूळ आणि गहू यांच्या प्रथिनांत लायसिन नावाचा घटक कमी असतो, तो डाळींत भरपूर असतो. उलट डाळींत कमी पडणारा मेथिओनिन धान्यांतून मिळतो. म्हणून वरण-भात किंवा भाकरी-पिठले एकत्र खाल्ले की प्रथिने एकमेकांची उणीव भरून काढतात. डाळ महागली की घरोघर या जोडीचीच राखण चालते. तुरीच्या वरणात निम्मी मसूर घालतात; वाटीभर डाळीच्या पिठात तीन-चार वाट्या पाणी मुरवून घरभर पुरेल असे पिठले करतात; मटकी भिजवून, फडक्यात बांधून मोड आणतात, कारण मोड आल्यावर तिचे वजन दुपटीहून अधिक होते, ती लवकर शिजते आणि कोरड्या दाण्यात जवळजवळ नसलेले क जीवनसत्त्वही तिच्यात तयार होते. या पट्ट्यात रुळलेले कडवे वाल भिजवून, मोड आणून, एकेक दाणा सोलून केलेले बिरडे चवीत कोणत्याही पक्वान्नाला हार जाणार नाही. मात्र त्यासाठी दोन दिवस आधी आठवण ठेवावी लागते आणि सोलायला तासभर बसावे लागते. मांसाहारी घरांत मूठभर सुका जवळा कांद्यावर परतला की तीन-चार भाकऱ्यांना पुरतो आणि त्यातून प्रथिनांबरोबर चुनाही, म्हणजे कॅल्शियमही, मिळतो.

भाजीचा हिशेब बाजाराच्या घड्याळावर चालतो. कल्याणच्या लक्ष्मी मार्केटमध्ये किंवा ठाण्याच्या जांभळी नाक्यावर सकाळी किलोने विकली जाणारी भाजी दिवस मावळताना वाट्याने, म्हणजे जमिनीवर किंवा गोणपाटावर मांडलेल्या ढिगाच्या हिशेबाने, निघते. विक्रेत्याला माल परत न्यायचा नसतो आणि गिऱ्हाइकाला किलोच्या भावात घ्यायचा नसतो, म्हणून दोघांची गाठ त्या वाट्यावर पडते. त्या वाट्यातील निम्म्या भेंड्या जून निघतात आणि पालकाची पाने निवडावी लागतात, त्यामुळे स्वस्ताईची किंमत निवडण्याच्या वेळाने चुकती होते. लोकलच्या महिला डब्यात कर्जत-कसाऱ्याच्या वाटेवर मांडीवर भाजी निवडणाऱ्या बायकांचे दृश्य कौतुकाने सांगितले जाते, पण तेथे घरचे काम प्रवासातच उरकले जात असते, हे त्या कौतुकात विसरले जाते. मुळ्याचा पाला, फ्लॉवरच्या दांड्या, दोडक्याच्या शिरा आणि दुधीच्या साली यांच्या भाज्या-चटण्या मराठी घरात परंपरेने होतच आल्या आहेत. अळूच्या पातळ भाजीत हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे आणि मुळ्याच्या चकत्या घालून एका जुडीतून सगळ्यांची जेवणे निघतात.

पावसाळ्यात आणखी एक आधार येतो. पहिल्या सरींनंतर मुरबाड, शहापूर आणि बदलापूरच्या डोंगरपट्ट्यातील आदिवासी बायका टाकळा, शेवळे, कुरडू, भारंगी, करटोली अशा रानभाज्या घेऊन कल्याण, डोंबिवली, ठाणे येथील स्थानकांबाहेर बसतात. पावसात इमारतींची कामे मंदावून नाक्यावरच्या मजुराची रोजी तुटते आणि बाजारातील पालेभाजी महागते, नेमक्या त्याच दिवसांत ही भाजी येते. टाकळ्याचा वाटा अजून स्वस्तात मिळतो. शेवळ्यांचे मात्र शहरात नाव झाले असल्याने ती आता हौसेच्या दरात जातात. शिवाय शेवळ्यांतील खाज मोडण्यासाठी काकड नावाच्या आंबट फळांचा रस घालावा लागतो हे माहीत नसलेल्या घरात ती घशाला लागतात. ज्या स्वयंपाकाला पैसा कमी लागतो त्याला माहिती अधिक लागते, असा याचा अर्थ आहे, आणि ती माहिती सासू-सुनांच्या साखळीतून येते. गाव सोडून दिव्याच्या चाळीत एकट्याने संसार मांडणाऱ्या नव्या सुनेकडे ती साखळी नसते.

इंधन हा या हिशेबातील सर्वांत कमी बोलला जाणारा भाग. 14.2 किलोचा गॅस सिलिंडर भरायचा म्हणजे एका आठवड्याच्या मिळकतीचा मोठा भाग एकदम द्यायचा. तो देता आला नाही तर शेगडीवर किंवा उधारीच्या सिलिंडरवर दिवस काढावे लागतात. म्हणून कुकरच्या तीन डब्यांत वरण, भात आणि बटाटे एकाच आचेवर शिजवले जातात, हरभरे-वाटाणे रात्रभर भिजवले जातात, शिळ्या पोळीचा कुस्करा आणि उरलेल्या भाताचा फोडणीचा भात सकाळच्या डब्यात जातो. कोकणपट्टीच्या दमट उन्हाळ्यात रात्रीचा भात सकाळपर्यंत आंबतो, फ्रिज नसलेल्या घरात तो टाकावा लागू नये म्हणून रात्री नेमका किती शिजवायचा याचा अंदाज वाटीवर नव्हे तर मुठीवर बांधलेला असतो. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ या पाककृतींच्या पुस्तकाने 1970 मध्ये वाटी-चमच्याचे माप मराठी घरात रूढ केले आणि नवख्या गृहिणीची फार मोठी सोय केली, परंतु वाटीचे माप डब्यात वाटीभर जिन्नस असेल तरच चालते. जिथे डब्याचा तळ दिसतो तिथे पाककृतीच उलटी वाचावी लागते: काय करायचे यावरून जिन्नस ठरत नाहीत, काय उरले आहे यावरून पदार्थ ठरतो.

तळ दिसण्याचा हा दिवस आठवड्याला का येतो, याचे कारण खरेदीच्या रीतीत आहे. ज्याची मिळकत रोजची किंवा आठवड्याची असते त्याला महिन्याचा किराणा एकदम भरता येत नाही. तो वाण्याकडून पावशेर डाळ, तेलाची लहान पिशवी, पाच-दहा रुपयांची मसाल्याची पुडी घेतो, आणि लहान पुडीतील मालाचा किलोमागे भाव मोठ्या पिशवीपेक्षा चढाच असतो. उधारीची वही असेल तर भावाची घासाघीसही करता येत नाही. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डेव्हिड कॅप्लोविट्झ यांनी न्यूयॉर्कमधील गरीब वस्त्यांविषयी 1963 मध्ये लिहिलेल्या पुस्तकाचे नावच ‘गरीब अधिक पैसे मोजतात’ अशा अर्थाचे होते; साठ वर्षांनंतर नेतिवलीच्या गल्लीतील वाण्याच्या दुकानात त्या नावाचा प्रत्यय येतो. अशा वेळी पाच जणांना महिन्यातून एकदाच, एकदम मिळणारे 25 किलो धान्य हे त्या घरातील एकमेव घाऊक जिन्नस असते, आणि तेही ठेवायचे कुठे हा प्रश्न असतोच. दहा बाय दहाच्या खोलीत पावसाळ्यात त्याला सोंडे लागतात आणि वाळवायला अंगण नसते.

आता त्या शून्याकडे परत येता येईल. केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ वापर सर्वेक्षणानुसार घरातील विनामोबदला कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांवर दिवसाला सरासरी 289 मिनिटे खर्च करतात आणि ती कामे करणारे पुरुष 88 मिनिटे. वर वर्णिलेले भिजवणे, मोड आणणे, सोलणे, निवडणे, दळण नेणे, बाजार उतरण्याची वाट पाहणे हे सर्व त्या 289 मिनिटांत बसवावे लागते, आणि बजेट जितके आखडते तितकी ही मिनिटे वाढतात. या श्रमाला बाजारात किंमत नाही असेही नाही. डोंबिवलीत गल्लोगल्ली पोळीभाजी केंद्रे आहेत. संध्याकाळी गाडीतून उतरणारा नोकरदार वर्ग तेथे नगावर पोळ्या घेतो आणि त्या किमतीत गव्हापेक्षा लाटणाऱ्या हाताचा भाग मोठा असतो. दिवसभर अशा केंद्रात पोळ्या लाटणारी बाई घरी येऊन पुन्हा तीच पोळी लाटते तेव्हा तिच्या त्याच हाताचे मोल नाहीसे होते. शिवाय काटकसरीचा शेवटचा वार तिच्याच ताटावर पडतो: सर्वांना वाढून झाल्यावर जेवायची रीत जिथे टिकून आहे तिथे कालवण कमी पडले तर ते तिलाच कमी पडते, आणि या वाटणीची नोंद कोणत्याही शिधापत्रिकेवर होत नाही.

हे श्रम एकदा रस्त्यावर आले होते. 1972 च्या दुष्काळात आणि भाववाढीत मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली आणि मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी यांच्या नेतृत्वाखाली हजारो गृहिणींनी हातात लाटणी घेऊन मोर्चे काढले. स्वयंपाकघरातील अवजार हाती घेऊन चालणाऱ्या त्या बायका एक साधी गोष्ट सांगत होत्या, ती अशी की भाव हा धोरणाचा विषय आहे, त्याची झळ मात्र चुलीपाशी बसणाऱ्या माणसाला लागते आणि म्हणून भावाविषयी बोलण्याचा अधिकारही त्याच माणसाला आहे.

या विवेचनातून निघणाऱ्या सूचना दोन प्रकारच्या आहेत: काही आपल्या कार्यालयाला स्वतःच्या अधिकारात अमलात आणता येण्याजोग्या आहेत, तर काहींसाठी शासनाकडे शिफारस करावी लागेल.

पहिल्या प्रकारातील पहिली सूचना अशी की महिन्याचे धान्य दोन किंवा चार हप्त्यांत उचलण्याची मुभा प्रत्येक शिधापत्रिकाधारकाला असावी, ती दुकानाच्या दर्शनी फलकावर ठळक लिहावी, आणि माल दुकानात कोणत्या तारखेला येणार हेही तेथेच आगाऊ कळवावे, म्हणजे घरातील आठवड्याचे गणित त्या तारखेभोवती बांधता येईल. दुसरी सूचना वेळेची आहे: पहाटेची लोकल पकडून रात्री परतणाऱ्या आणि चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बायकांना ई-पॉस यंत्रावर अंगठा देण्यासाठी, आणि तो एका फटक्यात न उमटल्यास पुन्हा येण्यासाठी, दिवसाची मजुरी बुडवावी लागू नये म्हणून रात्री उशिरापर्यंत आणि रविवारी दुकान उघडे राहील अशी पाळी परिमंडळातील दुकानांमध्ये लावता येईल. तिसरी सूचना माहितीची आहे. शिध्याचा तांदूळ आता पोषणमूल्य वाढवलेला असतो, म्हणजे तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि ब12 जीवनसत्त्व मिसळून यंत्राने घडवलेले दाणे शंभराला एक या प्रमाणात त्यात मिसळलेले असतात. हे दाणे रंगाने व स्पर्शाने किंचित वेगळे असल्यामुळे त्यांना प्लास्टिकचा तांदूळ समजून निवडून फेकण्याची चाल पडली आहे. ज्या दाण्यासाठी सरकार खर्च करते तोच दाणा सुपातून उकिरड्यावर जातो आणि निवडण्याची अर्धी घटका वाया जाते ती निराळीच. चार ओळींचा मराठी-हिंदी फलक आणि दुकानदाराने दिलेले तोंडी उत्तर यांनी हे थांबू शकते.

दुसऱ्या प्रकारातील मुख्य शिफारस डाळ आणि तेलाची आहे. 2022 च्या दिवाळीत सुरू झालेल्या ‘आनंदाचा शिधा’ या उपक्रमात 100 रुपयांत रवा, हरभरा डाळ, साखर आणि पामतेल याच दुकानांतून घरोघर पोहोचले. डाळ आणि तेल साठवण्याची व वाटण्याची क्षमता या साखळीत आहे, एवढे त्यातून निर्विवाद सिद्ध झाले. त्या शिध्याने सण गोड केला आणि त्याचे स्वागतच आहे, पण वर्षातील बावन्न आठवड्यांपैकी सणाचे आठवडे मोजकेच असतात. तमिळनाडूने 2007 पासून विशेष सार्वजनिक वितरण योजनेत तूरडाळ आणि पामतेल सवलतीच्या दरात देण्यास सुरुवात केली. महाराष्ट्राने निदान नागरी शिधावाटप क्षेत्रात प्रत्येक प्राधान्य कुटुंबाला दरमहा ठरलेल्या सवलतीच्या दरात डाळ दिली, आणि ती तूरच असावी असा आग्रह न धरता मसूर, हरभरा किंवा मटकी यांपैकी हंगामात स्वस्त असेल ती दिली, तर धान्याला कोरड्यासाची जोड मिळेल. यासोबत उत्पन्नाची मर्यादा एका आकड्यावर वर्षानुवर्षे गोठवून न ठेवता ती किमतींच्या निर्देशांकाशी, म्हणजे महागाई मोजणाऱ्या अधिकृत आकड्याशी, बांधण्याची शिफारसही आवश्यक आहे. जी मर्यादा आठवड्याला 1,135 रुपये मिळवणाऱ्या कुटुंबाला काठावर उभे करते ती गरिबांना निवडून काढण्यापेक्षा त्यांतील बहुतेकांना वगळण्याचेच काम करते.

या मागण्यांवर एक आक्षेप अपेक्षित आहे, तो असा की गरिबांच्या घरात काटकसरीची परंपरा मुळातच भक्कम असल्याने ती घरे निभावून नेतात. ती निभावून नेतात हे खरेच, आणि वाल सोलण्यापासून काकडाच्या रसापर्यंतचे हे ज्ञान जपण्यासारखे, पुढच्या पिढीला शिकवण्यासारखे आहे. पण काटकसर ही कुणाच्या तरी वेळेतून, झोपेतून आणि ताटातून काढलेली रक्कम असते, आणि ज्या व्यवस्थेचा ताळेबंद अशा न नोंदलेल्या रकमेवर जुळतो तिने निदान त्या रकमेची पोच द्यायला हवी. आपल्या कार्यालयाकडून ही पोच अगदी साध्या रीतीने सुरू होऊ शकते: पुढच्या वेळी परिमंडळात धान्याच्या वाटपाचा आढावा घेताना किती क्विंटल उचलले गेले या रकान्याशेजारी आणखी एक रकाना आखावा, त्यात महिन्याच्या चौथ्या आठवड्यात त्या धान्याबरोबर काय शिजले हे लिहिले जावे, आणि तो रकाना भरण्यासाठी दुकानदाराऐवजी रांगेत उभ्या असलेल्या बाईला विचारावे.

कळावे,
कल्याण येथील एक शिधापत्रिकाधारक कुटुंब